चौदावं जॅकेट

चेनमास्तरांकडे जुनं जॅकेट घेऊन येणाऱ्या माणसाला एकच उत्तर हवं असे, आणि ते तो घरून निघतानाच ठरवून येई. जॅकेट खरं आहे, लढाईतलं आहे, वैमानिकानं अंगात घालून आकाशात नेलेलं आहे. मास्तरांनी तसं सांगितलं की ते देवमाणूस ठरत. "शिवण नंतरची आहे हो, लढाई संपल्यावर वीस वर्षांनी कुणीतरी हौसेनं शिवलंय," असं सांगितलं की तोच माणूस जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्यांचा उद्धार करत जाई. मास्तरांना दोन्हीची सवय झाली होती. बावीस वर्षांत त्यांचा एकही दाखला खोटा पडला नव्हता, आणि ज्या धंद्यात बाप लेकाला नकली लेबल विकतो तिथं ही गोष्ट साधी नव्हे.

चेनमास्तर हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. जॅकेटची चेन दोनदा वर-खाली करायची, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि सांगायचं: ही मूळची, ही मागाहून बसवलेली. खालच्या मजल्यावरचा कुलूपवाला म्हणे, "आमच्या मास्तरांपुढे गाढवाला चेन लावून आणा, साल सांगतील."

काम करायची खोली बाहेरच्या खोलीच्या आत होती. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्याखाली लांब टेबल, टेबलावर भिंग, मऊ ब्रश आणि जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा. त्या दिव्याखाली नवा दोरा निळा चमकतो, जुना सुती दोरा गप्प राहतो. मास्तर आधी कातडं बघत, मग दोरा, मग चेन, मग कॉलरखालचं लेबल. आणि सगळ्यात शेवटी ते जॅकेट स्वतःच्या अंगात घालून दहा मिनिटं उभे राहत.

"मेलेल्या माणसांचे कपडे अंगात घालू नका म्हणून हजारदा सांगितलं," त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "पण ऐकतील तर ते कसले!"

"कातड्याला खोटं बोलायला शिकवता येतं, चेनला येतं, लेबलाला तर येतंच येतं," मास्तर म्हणत. "खांद्यांना येत नाही. पहिल्या मालकाचे खांदे जॅकेट विसरत नाही."

एवढं ज्ञान त्यांना आलं कुठून, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दुसरं काय! लग्नाआधी, तिशीच्या आत-बाहेर असताना, मास्तरांनी स्वतः नकली माल केला होता. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून एखादं खरंखुरं पण बेवारशी जॅकेट उचलायचं, आणि हरवलेल्या एखाद्या वैमानिकाचं नाव अस्तरावर शाईनं लिहायचं. नाव आलं की गोष्ट आली, गोष्ट आली की किंमत दसपट. अशी चौदा जॅकेटं त्यांनी केली. उद्या आपल्याच मालानं आपण फसू नये म्हणून प्रत्येकाच्या डाव्या खिशात, आतल्या कोपऱ्यात, लाल रेशमाचे तीन टाके घालून ठेवले.

पुढे लाज वाटली. खरंच वाटली. वर्षानुवर्षं शोधून त्यांनी तेरा जॅकेटं परत मिळवली आणि मागच्या अंगणातल्या पिंपात जाळली. बायकोला सांगितलं, कसर लागलेला माल आहे. चौदावं काही मिळालं नाही.

ते एका उन्हाळ्यातल्या दुपारी, तीनच्या सुमाराला, आपल्या पायांनी चालत आलं म्हणावं तसं आलं. आणलं होतं एका म्हाताऱ्या बाईंनी. ऐंशीच्या घरातल्या, राखाडी कोट घातलेल्या, एवढ्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या. त्यांनी चादरीत गुंडाळलेलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले, आत काही हलेल अशी भीती असल्यासारखे.

"मास्तर, तुमच्याकडे लोक खरं निघावं म्हणून येतात ना?"

"सगळेच."

"मी खोटं निघावं म्हणून आलेय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"उघडायच्या आधी नंबर ऐका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. "सात, शून्य, चार, एक, नऊ. माझ्या दादाचा. तो वैमानिक होता. पत्रावर हा नंबर घातला नाही तर पत्र पोचत नसे. मी नऊ वर्षांची होते, पाढ्यांच्या आधी हा नंबर पाठ झाला माझा. आता उघडा."

मास्तरांनी चादर सोडली. आतून गार हवेचा एक झोत त्यांच्या मनगटांवर आला. गडद तपकिरी, घोड्याच्या कातड्याचं जॅकेट. मनगटाच्या विणलेल्या पट्ट्या कसरीनं खाल्लेल्या, कोपर घासून पांढुरके झालेले. त्यांनी कॉलर उलटली. लेबलाच्या खाली, अस्तरावर, बाईंच्या घराण्याचं नाव होतं आणि पुढे आकडे: सात, शून्य, चार, एक, नऊ. नऊचं शेपूट खाली हुकासारखं वळलेलं. मासे पकडायचा गळ, असं म्हणून मास्तरांची बायको ज्याची आजही चेष्टा करते, तो हा नऊ.

खिशात बोट घालायची गरज नव्हती, पण घातलं. कोपऱ्यात तीन टाके होते.

"अक्षर दादाचं नाही," बाई म्हणाल्या. "त्याची पत्रं आहेत माझ्याकडे. पण नंबर त्याचा आहे. मग लिहिलं कुणी?"

मास्तरांनी कॉलर पुन्हा सरळ केली. त्यांना आठवत होतं ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. नाव त्यांनी चौकातल्या दगडावरून घेतलं होतं, न परतलेल्यांची नावं कोरलेल्या. पण दगडावर नुसती नावं होती. नंबर त्यांनी मनानं रचला होता. थंडी होती, कसं बसतं ते बघायला हेच जॅकेट त्यांनी अंगात घातलं होतं, आणि ते न काढताच टेबलाशी बसून कागदावर एक नंबर लिहिला होता. एकदाही न अडखळता. मग जॅकेट काढून तोच अस्तरावर उतरवला. त्या दिवशी स्वतःच्या कल्पकतेवर ते भारी खूश झाले होते.

"तुमच्याकडे आलं कुठून हे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"एक संग्राहक वारले, त्यांचा संग्रह लिलावात निघाला. माझ्या भाचीनं यादीत नाव वाचलं. तिला वाटलं, मावशीला आनंद होईल." बाई खुर्चीत टेकल्या. "आता सगळं सांगते, मास्तर. नाहीतर तुम्हाला कळायचं नाही की मी अशी उलटी मागणी का करतेय."

त्यांनी सांगितलं ते थोडंच होतं, पण ते सत्तर वर्षं पाठ केलेलं होतं. दादा चार दिवसांच्या रजेवर घरी आला होता. परत निघायच्या सकाळी धाकटीनं, म्हणजे बाईंनी, त्याचं जॅकेट लाकडं ठेवायच्या पेटीत लपवलं. जॅकेट नाही म्हणजे दादा जाणार नाही, एवढी साधी अक्कल. दादानं घर पालथं घातलं, हसला, धाकटीचा कान ओढला आणि वडिलांचा पातळ कोट घालून गाडी गाठायला धावला. आठ दिवसांनी त्याचं विमान बर्फात उतरलं. आपटलं नाही, उतरलं. विमानातले तिघेही जिवंत होते. दादा मदत आणायला एकटा चालत निघाला. बाकीचे दोघे अकराव्या दिवशी सापडले. दादा सापडला नाही.

"तार आली त्या दिवशी मी पेटी उघडली. पेटी रिकामी. आई काही बोलली नाही, मी काही विचारलं नाही. आई मरेपर्यंत आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. मी एकच गोष्ट धरून बसले, की आईला ते त्याच दिवशी सापडलं असेल आणि तिनं ते दादाच्या मागे पाठवलं असेल. आठ दिवस होते ना मध्ये? पोचलं असेल ना?"

"पोचलं असेल," मास्तर म्हणाले.

"मग हे कुठून आलं?" बाईंनी जॅकेटकडे न बघता बोट केलं. "हे त्याचं असेल तर त्याच्या अंगावर नव्हतं. तो गारठून गेला तो माझ्यामुळे. त्या दोघांना विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि झाली तोवर दोघेही गेले होते."

जॅकेट ओळखायची एकच खूण बाईंजवळ होती. त्याच रजेत आईनं उजव्या काखेतलं फाटकं अस्तर शिवलं होतं. वरून दिसू नये म्हणून ठिगळ आतल्या बाजूनं लावलं होतं, धाकटीच्या जुन्या फ्रॉकचं; पिवळं, त्यावर निळी फुलं. आई डावखुरी होती, तिचे टाके जगाच्या उलट झुकत. आणि दर सातव्या टाक्याला ती गाठ मारी, उसवलंच तर सातच उसवावेत म्हणून.

"तीनदा कात्री हातात घेतली," बाई म्हणाल्या. "हात थरथरतात. आणि खरं सांगू का, हात थरथरले नसते तरी उघडलं नसतं मी. सगळे म्हणाले, चेनमास्तर खोटं बोलत नाहीत. तुम्ही उघडा."

मास्तरांच्या बायकोनं बाईंना बाहेरच्या खोलीत चहाला नेलं. मधलं दार अर्धवट उघडं राहिलं.

एकटं पडल्यावर मास्तरांनी कात्री हातात घ्यायला हवी होती. पण बावीस वर्षांचा रिवाज सुटतो थोडाच! शिवाय मनात एक वेडी आशा होती, की खांदे म्हणतील, नाही, मी दुसऱ्या कुणाचं. त्यांनी जॅकेट अंगात घातलं.

ओल्या भिंतीला उघडी पाठ टेकावी तसा गारठा पाठीला भिडला. डोक्यावर पंखा गरगरत होता, खिडकीबाहेर रस्ता उन्हानं पांढरा झाला होता, आणि मास्तरांनी उसासा टाकला तेव्हा तोंडातून वाफ निघाली. ती वाफ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पंख्याच्या वाऱ्यानं ती टेबलावरून वाहत गेली आणि भिंगाच्या काचेवर धुकं धरलं. ते आरशाकडे तोंड करून उभे राहिले होते, नेहमीसारखेच. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आरसा आता पाठीमागे आहे आणि आपण दाराकडे तोंड करून उभे आहोत. पावलं आपण उचलल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

मग डावा हात उजव्या काखेत गेला. त्यांनी नेला नाही, गेला. बोटांनी अस्तर चिमटीत धरलं आणि दाबलं. दोन पदर असायला हवे होते तिथं तीन लागले.

घाईघाईनं जॅकेट काढून त्यांनी टेबलावर पालथं घातलं आणि काखेतली शिवण उसवायला घेतली. अस्तर उलटताच पिवळा रंग दिसला. निळी फुलं, पंचवीस-तीस, शेंगदाण्याएवढी. कडेचे टाके उलट्या अंगाला झुकलेले. त्यांनी मोजले: सहा टाके, सातव्याला गाठ. सहा टाके, सातव्याला गाठ. जांभळ्या दिव्याखाली दोरा गप्प राहिला, म्हणजे दोराही त्याच काळातला.

आयुष्यात इतकं निखालस खरं जॅकेट त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. आणि तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्याच जॅकेटवर, त्याच्याच मालकाचं नाव, ते नकली करायचं म्हणून त्यांनी लिहिलं होतं! पैशाच्या हावेनं अस्तराच्या वर तेवढं पाहिलं, खाली कधी पाहिलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

बाहेरच्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता. त्या मास्तरांच्या बायकोला सांगत होत्या, "माझे आता फार दिवस राहिले नाहीत हो. डॉक्टर गोड बोलायला लागले की समजावं. मरणाचं मला काही नाही. पण तिकडे दादा भेटला तर? अजून गारठलेलाच असला तर? त्याला तोंड कसं दाखवू मी?"

आणि मग कपाचा खणखण आवाज आला.

मास्तरांनी लहान कात्री उचलली. दर सातव्या गाठीला ती अडत होती. एकेक गाठ कापून त्यांनी ठिगळ सोडवलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातलं. अस्तरावर टाक्यांची भोकं राहिली होती. ओल्या फडक्यानं ओलवून, नखानं घासून त्यांनी ती बुजवली. हे काम त्यांना उत्तम येत होतं. एके काळी रोजचंच होतं. पूर्वी त्यांनी खोट्याचं खरं केलं होतं. खऱ्याचं खोटं करायची ही पहिलीच वेळ, आणि ती जास्त जिवावर आली.

"या, बाई," त्यांनी हाक मारली.

बाई आल्या. त्यांच्या मागे बायको, हातात रिकाम्या कपांचा ट्रे. मास्तरांनी उसवलेली काख उलटून धरली. "बघा. हात लावून बघा. ठिगळ नाही."

बाईंनी वाकून पाहिलं, मग डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखं बोटांनी चाचपलं. "नाही," त्या पुटपुटल्या. "पण नंबर?"

"नंबर मी लिहिला."

ट्रेवरचे कप वाजले. मास्तरांनी बायकोकडे पाहायचं टाळलं. त्यांनी पेन घेतलं, कागदावर ते नाव लिहिलं, पुढे नंबर लिहिला आणि कागद कॉलरशेजारी ठेवला. दोन्हीकडे नऊचं शेपूट सारखंच वळलं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"तरुणपणी मी हा धंदा करायचो," ते म्हणाले. "गाठोड्यातलं कुणाचंही जॅकेट घ्यायचं, हरवलेल्या माणसाचं नाव घालायचं. असली चौदा केली. हे चौदावं. खिशात माझी खूणही आहे, लाल रेशमाची, बघा."

"पण नंबर तुम्हाला कसा कळला?"

"हरवलेल्यांची यादी छापून आली होती. त्यात होता," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. त्या दुपारी तोवर ते बोलले त्यात हे आणि ठिगळाचं, एवढ्या दोनच गोष्टी खोट्या होत्या.

"मग हे मुळात कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी. तो म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून गेला असेल."

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग हळूहळू सुटत गेला. "म्हणजे आईला सापडलं होतं," त्या म्हणाल्या. "आईनं पाठवलं त्याला. त्याच्या अंगावर होतं." आणि त्या रडल्या, अगदी नऊ वर्षांच्या मुलीसारख्या, नाक ओढत, बाहीनं डोळे पुसत. मास्तरांची बायको ट्रे खाली ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जाताना बाई दारात थांबल्या. "तुम्ही फार वाईट माणूस आहात, मास्तर. मेलेल्या माणसांची नावं विकलीत. लाज नाही वाटली?"

"वाटली."

"देव तुमचं भलं करो," बाई म्हणाल्या. "हे माझ्या घरात नको. तुम्हीच केलंत, तुम्हीच सांभाळा." आणि आल्या होत्या त्यापेक्षा हलक्या पावलांनी, कोटाचं वरचं बटण सोडून, त्या जिना उतरल्या.

बायको त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत बोलली नाही. दिवा लावला, तेव्हा ती समोर येऊन बसली. "तेरा जाळलीत. कसर लागली म्हणालात."

"हो."

"बरं. त्याचं मी नंतर बघते." ती खरंच नंतर बघणारी बाई होती, ते पुढच्या महिन्याभरात मास्तरांना कळलंच. "आधी हे सांगा, नंबर कुठून आणलात? यादीबिदी काही छापून आली नव्हती. खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता."

मास्तरांनी खिशातून ठिगळ काढून तिच्या हातावर ठेवलं. आणि सगळं सांगितलं, नंबर मनानं आल्याचंही. बायको पिवळ्या कापडावरच्या फुलांवरून अंगठा फिरवत ऐकत होती. मग ती उठली, सुईदोरा घेऊन आली आणि ते ठिगळ होतं तिथं परत लावायला बसली.

"कशाला आता?" मास्तर म्हणाले.

"दुसऱ्याची वस्तू आहे. फाटकी ठेवायची का?" ती साध्या सुती दोऱ्यानं, भराभर, उजव्या हातानं शिवत गेली. मास्तरांनी पाहिलं, सरळ झुकलेले टाके, गाठ फक्त शेवटी एक. वरची शिवणही तिनंच बंद केली. मध्येच ती म्हणाली, "गार आहे हो हे. बोटं बधिर झाली माझी."

मास्तरांनी ते जॅकेट कपाटात, मागच्या भिंतीकडे तोंड करून टांगलं. दुसऱ्या दिवशी ते दाराकडे तोंड करून होतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. चौथ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. त्या कपाटात ठेवलेले बाकीचे कपडे ओलसर गार होऊ लागले, म्हणून बायकोनं ते हलवले. मास्तरांनी लिलाववाल्यांना पत्र लिहून नाव आपण घातल्याचं कळवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आता ती झाकून ठेवणं त्यांना जमेना. बातमी फुटायला वेळ लागला नाही. जिन्यावरची वर्दळ थांबली. कुलूपवाला तेवढा अजून मास्तर म्हणे, चेन म्हणायचं सोडून.

त्यांना एकच गोष्ट खात होती. आपण त्या बाईंना निश्चिंत केलं, पण जॅकेटचं काय? ज्याला दाराबाहेर जायचं आहे, त्याच्याजवळची घराची एकमेव खूण, आईचे टाके, आपण कापून टाकली. आणि ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं दाराकडे बघतंय तो अजून बर्फातच चालत असेल, तर?

कडाक्याची थंडी पडली होती तेव्हा, एका सकाळी बाईंच्या भाचीचा फोन आला. मावशी पहाटे गेल्या. झोपेत, त्रास न होता. मावशींनीच सांगून ठेवलं होतं, मास्तरांना कळव म्हणून.

"काल संध्याकाळी एकदम तरतरीत होती," भाची सांगत होती. "मला म्हणाली, दादा येऊन गेला. मी म्हटलं, बरं. तर म्हणाली, आईही होती, दारातच बसली होती, सुईत दोरा ओवत. दादाला म्हणत होती, थांब रे जरा, काख उसवलीय, एवढं शिवते मग जा. मास्तर, मावशी हे सांगताना हसत होती. मग तिनं अंगावरचं पांघरूण काढून टाकलं. म्हणाली, आता उकडतंय."

मास्तरांनी फोन ठेवला. बायको शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. दोघं आतल्या खोलीत गेली. मास्तरांनी कपाट उघडलं.

जॅकेट भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं. मास्तरांनी भीत भीत आत हात घातला. खिडकीच्या काचांवर बाहेरून दव गोठलं होतं, आणि जॅकेट आतून उबदार होतं, नुकतंच कुणीतरी अंगातून काढून ठेवावं तसं.

"काख बघा," बायको हळूच म्हणाली.

त्यांनी ते टेबलावर, उत्तरेच्या खिडकीखाली पसरलं. वरची शिवण उसवायची वेळच आली नाही. ती उघडीच होती, दोरा नीट ओढून काढलेला. आत पिवळं ठिगळ होतं, निळ्या फुलांचं. मास्तरांनी भिंग लावलं आणि टाके मोजायला लागले. बायको त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

सहा टाके, सातव्याला गाठ. सहा टाके, सातव्याला गाठ. सगळे उलट्या अंगाला झुकलेले.

"मी असे घातले नव्हते," बायको म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि भिंग खाली ठेवलं.